पुण्यातले कमी दिसणारे साप : प्रकल्प नोंदी, पावसाळा 2025

27 मे

काल मान्सून पुण्यात पोचला, 26 मेला! आम्ही सगळं वेळापत्रक जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून धरलं होतं आणि काल संध्याकाळपासूनच आमच्या सर्पमित्रांच्या ग्रुपवर फोटो पडायला लागले, धामण, दिवड, परत धामण, एक घोणस सोसायटीच्या पार्किंगमध्ये. म्हणून नोंदी आजच चालू करतोय, नंतर आठवून लिहिण्यात अर्थ नसतो.

काम काय ते एकदा लिहून ठेवतो म्हणजे नवीन येणाऱ्यांना परत परत सांगायला नको. पुणे शहर आणि जिल्ह्यात जे साप क्वचित दिसतात त्यांच्या नोंदी एका जागी आणायच्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्याबद्दल पोस्टर आहेत, शाळेत कार्यक्रम होतात, ते चांगलंच आहे. पण खापरखवल्या, पोवळा, पिवळ्या ठिपक्यांचा कवड्या, काळतोंड्या, चापडा, आणि ज्याला आम्ही ग्रुपमध्ये नुसतं कोरोनेला म्हणतो तो, यांचं काय? हे कुठे दिसले, कधी दिसले, कोणी बघितले, हे सगळं सर्पमित्रांच्या फोनमध्ये पडलंय. फोन बदलला, हरवला, स्टोरेज फुल झालं म्हणून गॅलरी साफ केली की नोंद गेली.

साप हाताळायचं काम फक्त वनविभागाकडे नाव असलेल्या सर्पमित्रांचं. मी हाताळत नाही, माझ्याकडे शीट, फोटो आणि नकाशा.

पहिली सूचना सगळ्यांना पाठवली : फोटो व्हॉट्सॲपवर साधा टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून टाका. साधा टाकला की साइज दाबली जाते आणि त्यातली लोकेशन, तारीख सगळी उडते. खवले मोजायचे असतील तर दाबलेला फोटो काही कामाचा नाही.

14 जून

आज मोठी गोष्ट सापडली म्हणजे सापडली असावी.

हडपसरच्या बाजूला काम करणारा आमचा एक दादा, पंधरा-वीस वर्षं रेस्क्यू करतोय, त्याने जुन्या मेमरी कार्डातले फोटो काढून दिले. त्यात 2019 चा एक फोटो, बादलीत वेटोळं करून बसलेला लहानसा तपकिरी साप. फाइलचं नाव ‘धूळनागीण पिल्लू’. मी पुढे गेलो आणि परत मागे आलो. धूळनागिणीच्या पिल्लाच्या अंगावर आडवे पट्टे ठळक असतात, इथे मानेच्या जवळ थोड्या फिकट खुणा आणि मग सगळं अंग साधं, ऑलिव्हकडे झुकणारं तपकिरी. आणि शेपटी आखूड. धूळनागिणीची शेपटी चांगली लांब असते.

मला तो कोरोनेला वाटतोय. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, हा साप अल्बर्ट ग्युंथर नावाच्या ब्रिटिश म्युझियमच्या शास्त्रज्ञाने 1866 मध्ये शास्त्राला पहिल्यांदा सांगितला आणि ज्या नमुन्यांवरून सांगितला ते पुण्याचे. म्हणजे जगात या सापाचा मूळ पत्ता पुणे आहे. पुढे बराच काळ तो युरोपातल्या कोरोनेला सापांच्या गटात गणला गेला, मग 2018 मध्ये झीशान मिर्झा आणि हर्षिल पटेल यांनी डीएनए तपासून दाखवलं की त्याचा त्यांच्याशी जवळचा संबंध नाही, आणि वॉलोफिस हे जुनं बाजूला पडलेलं नाव परत आणलं. त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक गुजरातेत सापडतो आणि तोही 2016 पर्यंत शास्त्राला माहीत नव्हता. एवढी जुनी, वेगळी वंशावळ, फक्त भारतात, त्यातही मुख्यतः महाराष्ट्र, गुजरात आणि लगतच्या भागात. पुण्यात किती जणांना ठाऊक असेल?

पण फोटोवरून पक्कं होत नाही. शेपटीखालचे खवले दिसत नाहीत, अंगाच्या मध्यावरच्या रांगा मोजता येत नाहीत. दादाला विचारलं कुठे पकडला होता, म्हणाला “अरे तिकडे माळावर, प्लॉटिंग चालू होतं तिथे, आता तिथे बिल्डिंगा झाल्या.” शीटमध्ये ‘शक्यता’ या रकान्यात टाकला. पक्कं म्हणत नाही.

24 जून

पालखी दिवे घाट चढून सासवडला गेली. घाटाच्या पायथ्याच्या गावांतून या आठवड्यात कॉल जास्त आले, रस्त्याकडेला तंबू, चुली, रात्रभर माणसं, त्यात साप दिसला की गोंधळ होणारच. दोन नाग, एक तस्कर, एक डुरक्या घोणस. सगळे सुखरूप काढले आणि जवळच पण वर्दळीपासून लांब सोडले. आपल्या यादीतलं काही नाही. तरी लिहून ठेवतोय, कारण ‘काही नाही’ ही पण नोंद असते.

29 जून

ताम्हिणी. चांदणी चौकातून निघालो, पौडला चहा, मुळशी ओलांडली आणि पाऊस जो लागला तो परत येईपर्यंत. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि ताम्हिणीत चांगल्या वर्षी 6000 च्या वर. गाडीने दोन तासांच्या आत हा फरक. सापांची यादी पण तशीच बदलत जाते.

रस्त्यावर खापरखवल्या. जिवंत एक, मेलेले बरेच. हे जमिनीत राहणारे साप, ओल्या मातीत गांडुळं खाऊन जगतात, अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. फार जोराचा पाऊस झाला की बिळात पाणी भरतं आणि हे वर येतात, आणि वर आलं की डांबर. शनिवारी-रविवारी घाटात गाड्यांची जी रांग असते ती सगळी यांच्या अंगावरून जाते. चालवणाऱ्याला कळतही नाही, त्याला तो गांडूळ वाटतो किंवा काही वाटतच नाही.

जिवंत होता त्याला आमच्या ताईने, ती आमच्यातली सगळ्यात अनुभवी, ओल्या पानावर घेऊन कडेला नेला. टॉर्चच्या उजेडात अंगावर निळे-जांभळे रंग चमकून जातात, पाण्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगासारखे. डोकं इतकं बारीक आणि टोकदार की पहिल्यांदा बघणाऱ्याला तीच शेपटी वाटते. खरी शेपटी दुसरीकडे, बोथट, वरून तिरकी कापल्यासारखी, खडबडीत खवल्यांची, आणि त्या खवल्यांवर मातीचा गोळा चिकटलेला. साप पुढे बीळ खोदत जातो आणि मागे हा मातीचा गोळा बुचाचं काम करतो. 1978 मध्ये या सापांच्या स्नायूंवर काम झालं होतं, त्यात दिसलं की खोदायची सगळी ताकद अंगाच्या पुढच्या भागात एकवटलेली असते, तिथले स्नायू ऑक्सिजन साठवणाऱ्या द्रव्याने भरलेले, आणि मागचं अंग बऱ्यापैकी नुसतं ओढलं जातं.

पानावरून मातीत सोडला तर डोकं घुसवलं आणि बघता बघता अर्धा आत. शेवटी फक्त ती खापरी वर राहिली, मग तीही गेली.

मेलेल्यांचे फोटो स्केल ठेवून काढले, जागा नोंदवल्या. मेलेले उचलून आणायला वेगळी परवानगी लागते, ती आपल्याकडे नाही, त्यामुळे फोटो काढून कडेला ठेवले. कोणत्या वळणांवर जास्त मरतात हे पावसाळ्याअखेर नकाशावर दिसेल आणि तो नकाशा वनविभागाला द्यायचा. ताम्हिणी अभयारण्य 2013 पासून आहे, पण रस्ता मधून जातो आणि रस्त्यावर वेगाला आडकाठी काही नाही. माझं मत स्पष्ट आहे, मोठ्या पावसाच्या रात्री काही तास तरी पर्यटकांच्या गाड्या थांबवल्या पाहिजेत.

30 जून

कालचं राहिलं. परत येताना करवंदाच्या जाळीत चापडा दिसला, बांबू पिट वायपर, हिरवा, स्थिर, डोकं खाली झुकवून बेडकाची वाट बघत. लांबूनच फोटो काढला. तिथे मुलांचा एक ग्रुप आला आणि काठीने फांदी हलवायला लागला, त्यांना ताईने नीट समजावलं. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनतं. चापड्यासाठी वेगळं प्रतिविष मिळत नाही. चावला तर सूज आणि वेदना भरपूर, उपचार लक्षणांप्रमाणे करावे लागतात. हे सांगितल्यावर काठी आपोआप खाली गेली.

9 जुलै

नाव न सांगता एकाचा फोन. “दुतोंड्या आहे आपल्याकडे, वजनाला भारी आहे, तुम्ही सापवाले ना, पार्टी असेल तर बघा.” मी बोलणं लांबवलं नाही, नंबर आणि जेवढं कळलं तेवढं लगेच वनविभागाला कळवलं.

मांडूळ आपल्या प्रकल्पाच्या यादीत नव्हता, आजपासून घेतोय. शेपटी बोथट, तोंडासारखी दिसणारी, हाच त्याचा गुन्हा. धोका वाटला की तो डोकं अंगाखाली लपवतो आणि शेपटी वर करतो, शत्रूने हल्ला केलाच तर शेपटीवर व्हावा म्हणून. त्यावरून दोन तोंडं आली, त्यावरून गुप्तधन आलं, पैशाचा पाऊस आला, आणि वजनावर लाखांचे भाव. वजन वाढावं म्हणून त्याच्या घशात काहीबाही कोंबतात. पकडलेल्या टोळ्यांच्या बातम्या पुण्यात दर थोड्या महिन्यांनी येतातच. शेतातले उंदीर खाणारा, माणसाला काहीही न करणारा साप, आणि तो बिचारा डब्यात, पोत्यात, गाडीच्या डिकीत मरतो. मला याचा फार त्रास होतो. दुर्मिळ असल्यामुळे मागणी असलेले साप वेगळे, इथे मागणी आधी आणि मग तो दुर्मिळ होत चाललाय.

29 जुलै

नागपंचमी. सकाळी शहरात ठिकठिकाणी फिरलो, दोन शाळांमध्ये बोलायला बोलावलं होतं. टोपलीत नाग घेऊन फिरणारे दिसले नाहीत, लहानपणी आमच्या गल्लीत दिसायचे. साप दूध पीत नाही हे मुलांना आता पाठ आहे, मुलंच आजीला सांगतात. एका छोट्या मुलीने विचारलं, “मग त्याला काय आवडतं?” चांगला प्रश्न. मी तिला कवड्या पाली खातो, नानेटी बेडूक खाते, पोवळा दुसरे बारके साप खातो, खापरखवल्या गांडूळ खातो असं सांगितलं आणि मग अंडीखाऊबद्दल सांगितलं तेव्हा वर्ग शांत झाला.

अंडीखाऊ पुण्यात आमच्या कोणाच्या नोंदीत नाही. पण महाराष्ट्रात त्याची गोष्टच अशी आहे की सांगावीशी वाटते. 1863 मध्ये नाव मिळालेला साप, पुढे इतका क्वचित दिसला की संपला की काय असं लोकांना वाटायला लागलं होतं, आणि मग वर्ध्याला सापडला. तिथल्या पराग दांडगे यांच्यामुळे महाराष्ट्रातली पहिली नोंद 2005 मध्ये छापून आली. त्यानंतर विदर्भात आणखी ठिकाणी दिसला, इतर राज्यांतही दिसला. फक्त पक्ष्यांची अंडी खातो. दात नावापुरते, आणि मणक्यांची टोकं अन्ननलिकेत उतरलेली असतात, अंडं गिळताना त्यांनीच फुटतं. वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे जो साप शास्त्रज्ञांना दिसत नव्हता तो वर्ध्याच्या एका माणसाला दिसला, कारण तो रोज कॉल घेत होता आणि वेगळा साप दिसल्यावर त्याने तो वेगळा म्हणून बघितला. आपल्या शीटमागे हाच विचार आहे.

17 ऑगस्ट

कात्रजला गेलो, दोन नवीन मुलांना घेऊन. सर्पोद्यान 1986 चं, नीलिमकुमार खैरे यांनी सुरू केलेलं, आता महापालिकेच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग. आमच्या पिढीतल्या पुण्याच्या कितीतरी सर्पमित्रांनी पहिला साप इथेच नीट बघितलाय. खैरे 1980 मध्ये 72 विषारी सापांबरोबर 72 तास एका काचेच्या खोलीत राहिले होते, तेव्हा लोकांच्या डोक्यातली साप म्हणजे अंगावर धावून येणारा शत्रू ही कल्पना हलवायला असं काहीतरी लागत होतं. आज कोणी तसं करू नये, आणि करायची गरजही नाही.

नागराजापुढे मुलं बराच वेळ उभी होती. गेल्या वर्षी, 2024 मध्ये, नागराज एक नसून चार जाती आहेत असं प्रसिद्ध झालं, आणि पश्चिम घाटातल्या जातीला कालिंगा नाव मिळालं. जगातला सगळ्यात लांब विषारी साप, आणि इतकी वर्षं आपण सगळ्यांना एकच समजत होतो! पुण्यात तो रानात नाही, त्याचा मुलूख खाली, गोवा-कर्नाटकाकडचा, आपल्याकडे दोडामार्गच्या बाजूला. पुणेकराला बघायचा तर काचेतूनच.

अजगरापाशी आल्यावर एका मुलाने विचारलं, “दादा, मग दुर्मिळ साप सगळे इथेच का नाही आणून ठेवत, सेफ राहतील.” याचं उत्तर सविस्तर दिलं, इथेही लिहितो कारण हा प्रश्न नेहमी येतो.

अजगर पिंजऱ्यात जगतो, खातो, अंडीही घालतो. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून अंग थरथरवते आणि त्याने अंड्यांना ऊब देते, हे शास्त्रज्ञांनी मोजलं तेच मुळात बंदिवासातल्या मादीवर, रानात ते मोजायला जमलं नसतं. म्हणजे बंदिवासाचा उपयोग आहे. नागाची, धामणीची अंडी बांधकामात उघडी पडतात तेव्हा ती ओलसर कोकोपिटात, योग्य तापमानात ठेवून पिल्लं काढणं आणि सोडणं हे वनविभागाच्या परवानगीने होतं आणि त्याने जीव वाचतात.

पण खापरखवल्याला ठेवणार कसं? त्याला थंड, सतत ओली, भुसभुशीत माती लागते, जरा तापमान चढलं, माती जरा सुकली की गेला. पोवळ्याला वाळ्यासारखे बारके साप लागतात, ते रोज आणणार कुठून, आणि एका दुर्मिळ सापासाठी दुसरे साप मारत बसायचं? अंडीखाऊला ताजी, लहान पक्ष्यांची अंडी, तीही हंगामात. या सापांचं अन्न, माती, ओल, हंगाम सगळं एकमेकांत इतकं बांधलेलं आहे की साप उचलला म्हणजे साप वाचला असं होत नाही. काही घरांत काचेच्या टाकीत असे साप ‘आवड’ म्हणून ठेवलेले असतात असं कानावर येतं. तो कायद्याने गुन्हा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तो साप आठवड्यांत मरणार असतो आणि ठेवणाऱ्याला आपण जीव लावला असं वाटत असतं.

8 सप्टेंबर

विसर्जन परवा झालं. गणपतीत कॉल खूप होते, नोंदी भरायला आज बसलो.

पिवळ्या ठिपक्यांचा कवड्या, वेताळ टेकडीच्या उताराला लागून असलेल्या बंगल्यात, गॅलरीत पालीच्या मागे आलेला. घरच्यांनी मण्यार म्हणून कॉल केला. काळं अंग, पाठीवर पिवळे ठिपके. फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने 1907 मध्ये नाव दिलेला साप, मुख्यतः पश्चिम भारतात मिळणारा, आणि कोथरूडच्या गॅलरीत फिरतोय. साध्या कवड्यालाही लोक मण्यार समजून मारतात. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात, कवड्याचे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. अर्थात अंधारात हे कोणी बघत बसू नये, लांब राहावं, नजर ठेवावी आणि सर्पमित्राला बोलवावं.

पोवळा एक. तळजईच्या बाजूला दगड हलवताना कामगाराला दिसला. फूटभराचासुद्धा नाही, जाड दोऱ्याएवढा, डोकं काळं, त्यावर पिवळसर टिकल्या, शेपटीवर दोन काळी कडी. बरणीत घेतल्यावर त्याने शेपटी वर वळवली आणि खालचा निळसर रंग दाखवला, तोच त्याचा इशारा. विषारी आहे पण इतका बारका की माणसाला चावल्याचं क्वचितच ऐकू येतं. तासाभरात त्याच उतारावर वरच्या अंगाला सोडला.

5 ऑक्टोबर

काल संध्याकाळी दादाचा फोन, आवाज वेगळाच. “तो 2019 वाला आहे बघ. तसाच. लवकर ये.”

पूर्वेकडच्या माळावरचं गाव आहे, नाव इथे लिहीत नाही, का ते पुढे येईल. शेताच्या कडेला शेड, शेडमध्ये शहाबादी फरशांची चळत, ती हलवताना साप निघाला. शेतातल्या मावशींनी मण्यार समजून दादाला बोलावलं होतं. मी पोचलो तर त्या पहिलं हेच म्हणाल्या, “मारला नाही बरं का. ह्यांचा नंबर होता म्हणून. नाहीतर आमच्याकडं काय, दिसला की काठी.” त्यांचे किती आभार मानू असं झालं मला.

साप पारदर्शक डब्यात होता. डब्याखाली आलेखाचा कागद ठेवला, त्यावरून लांबी काढली, 46 सेंटिमीटर. मग डबा वर धरून खालून फोटो, म्हणजे पोटाचे आणि शेपटीखालचे खवले साफ दिसतात आणि सापाला हात लावावा लागत नाही. अंगाच्या मध्यावरचे खवले मोजायला दादाने त्याला पारदर्शक पाइपात अर्धा जाऊ दिला आणि तिन्ही बाजूंनी फोटो काढले. सगळं मिळून दहा मिनिटं. साप चिडला नाही, फणकारला नाही, डोकं वेटोळ्यात लपवून बसला.

रंग फोटोत येतो तसा नाही. ऑलिव्ह-तपकिरी, मानेच्या बाजूला फिकट पांढरट खुणा, मागे मागे विरत गेलेल्या. खवले गुळगुळीत, खवल्यावर मधली उंच रेघ नाही, बल्बच्या उजेडात अंग नुकतंच पुसून घेतल्यासारखं. डोळ्याची बाहुली गोल.

रात्री घरी बसून मोजलं. अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या 23 रांगा. धूळनागिणीत पण 23 असू शकतात म्हणून नुसतं त्यावर थांबता येत नाही. शेपटीखालचे खवले 49 जोड्या. धूळनागिणीत हा आकडा 70 च्या पुढे जातो. ताईने वेगळे मोजले, न सांगता, तिचेही 49. बाहेरच्या दोन अभ्यासकांना फोटो पाठवलेत, पण आमच्यापुरतं पक्कं झालं. कोरोनेला. वॉलोफिस ब्रॅक्युरा. ग्युंथरने लिहिलेला पुण्याचा साप, 2025 मध्ये, पुण्यातच, जिवंत.

साप काल रात्रीच सोडला, त्याच शेताच्या दगडी बांधात. मावशी टॉर्च धरून उभ्या होत्या.

12 ऑक्टोबर

दोन्ही अभ्यासकांची उत्तरं आली, दोघेही हो म्हणाले. 2019 चा फोटो मात्र ‘शक्यता’मध्येच राहील, त्यात खवले मोजता येत नाहीत आणि आता मनाला पटतंय म्हणून रकाना बदलायचा नसतो.

एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. पावसाळा आला की आपण सगळे कॅमेरे घेऊन पश्चिमेला जातो. ताम्हिणी, भीमाशंकर, आंबोली. तिथे हिरवं आहे, धबधबे आहेत, तिथल्या सापांचे फोटो सुंदर येतात, आणि त्या भागाला निदान अभयारण्य म्हणून कागदावर तरी स्थान आहे. पूर्वेचा माळ, खडकाळ, काटेरी, उन्हाळ्यात भकास दिसणारा, त्याला सरकारी भाषेत पडीक म्हणतात आणि ब्रोकरच्या भाषेत एनए प्लॉट. आणि ज्या एका सापाचा जगातला पहिला पत्ता पुणे आहे तो सापडला या पडीकात. तो दुर्मिळ आहे का, की तिथे कोणी बघतच नाही म्हणून दुर्मिळ वाटतो? मला वाटतं दोन्ही थोडं थोडं. बघणारे नाहीत हे खरं, आणि माळ झपाट्याने संपतोय हेही खरं. पुढच्या हंगामात निम्मं काम पूर्वेला हलवायचं, ग्रुपवर मांडलं, एकदोघांनी कुरकूर केली, बाकी तयार आहेत.

26 ऑक्टोबर

दिवाळीत कॉल कमी. शीट साफ केली, डबल नोंदी काढल्या.

लोकेशनचा वाद मिटवला. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर नोंद टाकायची पण जागा धूसर ठेवून. तशी ठेवली की नकाशावर साधारण 20 किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी एवढंच दिसतं, नेमका बिंदू बाहेरच्याला दिसत नाही. नेमकी जागा फक्त आपल्या शीटमध्ये आणि वनविभागाला दिलेल्या प्रतीत. काही जणांचं म्हणणं होतं की अभ्यास म्हणजे सगळं उघड पाहिजे. मला ते पटत नाही. मांडुळाचा फोन जुलैत आला होता, विसरलात का? नेमकी जागा कळली की आधी फोटोवाले येतात, दगड उलटे करतात आणि तसेच टाकून जातात, आणि त्यांच्या मागोमाग घेणारे येतात. उलटा केलेला दगड परत तसाच ठेवला नाही तर खालची ओल दोन दिवसांत जाते, मग पाल नाही, विंचू नाही, साप नाही.

ताम्हिणीचा नकाशा तयार झाला. खापरखवल्याचे मृत्यू रस्त्यावर सगळीकडे सारखे नाहीत, तीन वळणांवर गर्दी आहे, जिथे वरचा उतार रस्त्यापर्यंत झाडीसकट खाली आलाय. वनविभागाला पत्रासोबत दिला.

16 नोव्हेंबर

माळावरच्या मावशींकडे परत गेलो, त्यांच्या यजमानांना भेटायचं होतं. काका बांधावरच बसले होते. सापाचं सगळं सांगितलं, फोटो दाखवला, हा साप पुण्याच्या नावाने जगात ओळखला जातो म्हटल्यावर त्यांनी फोन हातात घेऊन नीट बघितला. मग म्हणाले, “आमच्या बांधात असला कायम असंल. आम्ही कुठं बघतो.” बांध त्यांच्या आजोबांच्या काळातला, कोरडी रचाई, सिमेंट नाही, फटीच फटी. शेजारचं शेत विकलं गेलंय आणि तिथला बांध जेसीबीने काढून दगड नेले. काकांना विचारलं, तुमचा राहील ना? म्हणाले माझ्या हयातीत राहील, पोरांचं मी काय सांगू.

मुलगा घरीच होता, त्याच्याशीही बोललो. त्याला शेतीत रस नाही पण ऐकत होता. बांध ठेवला तर पिकाला काय फायदा असं विचारलं त्याने, मी उंदीर, माती धरून ठेवणं, पावसाचं पाणी अडणं सगळं सांगितलं. पटलं की नाही कळलं नाही, नंबर मात्र घेतला.

काकांची परवानगी मिळाली की बांधाच्या फटींत दोन लॉगर, म्हणजे तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रं, ठेवायचेत, एक सावलीच्या अंगाला, एक उन्हाच्या. मागवलेत. थंडीत आतलं तापमान किती राहतं आणि एप्रिल-मेमध्ये किती चढतं ते कळलं तर पुढच्या वर्षी कुठे शोधायचं याचा अंदाज येईल. मावशींनी आजूबाजूच्या बायकांना सांगून ठेवलंय, साधा तपकिरी साप दिसला तरी मारू नका, दादाला फोन करा. काल त्यातलाच एक फोन आला, निघाली तस्कर. शीटमध्ये भरली.